दुसऱ्या क्षेत्रातून हेल्पडेस्कच्या पहिल्या नोकरीकडे

संगणक क्षेत्रात यायचे म्हणजे प्रोग्रामिंग शिकायला हवे, या समजुतीमुळे अनेक जण हेल्पडेस्कच्या कामाचा विचारच करत नाहीत. वास्तविक, एल-वन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या पातळीवरच्या कामात प्रोग्रामिंग जवळजवळ लागत नाही. लॉक झालेले खाते उघडणे, पासवर्ड बदलून देणे, प्रिंटर, व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कला बाहेरून सुरक्षितपणे जोडण्याची सोय) आणि ई-मेलच्या तक्रारी सोडवणे, नव्या कर्मचाऱ्याचा लॅपटॉप तयार करणे आणि आपल्या अधिकारात न बसणारी तक्रार नीट माहितीसह एल-टूकडे, म्हणजे त्यावरच्या पातळीकडे, सोपवणे, असे या कामाचे स्वरूप असते. त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या याव्या लागतात: तक्रारीचे कारण क्रमाने शोधणे, आणि जे तपासले व केले ते दुसऱ्याला कळेल असे लिहून ठेवणे. या दोन्ही गोष्टी सध्याची नोकरी सांभाळून घरी शिकता येतात, म्हणून तयारी होण्याआधी राजीनामा देऊ नये.

कारण शोधण्याची सवय

‘इंटरनेट चालत नाही’ ही तक्रार घ्या. सांगणाऱ्याच्या मनात एखादे संकेतस्थळ उघडत नाही एवढेच असू शकते किंवा संपूर्ण मजल्याचे नेटवर्क बंद पडलेले असू शकते. त्यामुळे कळफलकाला हात लावण्याआधी विचारावे: एकच संकेतस्थळ उघडत नाही की सगळीच? हे फक्त तुमच्याकडे होत आहे की शेजारच्यांकडेही? कधीपासून, आणि त्याआधी काही बदलले होते का? संदेश दिसत असेल तर तो जसाच्या तसा वाचून दाखवण्याची विनंती करावी, कारण ‘काहीतरी एरर येते’ यावरून काहीच कळत नाही.

त्यानंतर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा चालवावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून, पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे. अशा वेळी केबल, वाय-फाय आणि डीएचसीपी यांकडे वळावे. पत्ता योग्य असेल तर आधी गेटवेला (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारे उपकरण, उदाहरणार्थ राउटर) आणि मग ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला ‘पिंग’ करावे, म्हणजे तिथून उत्तर येते का ते पाहावे. तिथून उत्तर येत असूनही नावाने कोणतेच संकेतस्थळ उघडत नसेल, तर संशय डीएनएसवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, जातो आणि ‘एनएसलुकअप’ (nslookup) या आज्ञेने त्याची खातरजमा करता येते. प्रत्येक पायरीने शक्यतांचा एक गट बाद होत जातो. एका वेळी एकच बदल करावा हा नियम कटाक्षाने पाळावा, कारण तीन गोष्टी एकदम बदलल्यावर दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

घरची प्रयोगशाळा

व्हिडिओ पाहून हे ज्ञान हातात उतरत नाही. त्यासाठी मोडता येईल असा संगणक हवा. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरून एकाच संगणकात दोन-तीन आभासी संगणक चालवता येतात. मूळ संगणकात १६ जीबी रॅम असेल तर ते सुखाने चालतात, ८ जीबीत मात्र ओढाताण होते. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस मोफत वापरता येते. त्यावर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतली खाती आणि संगणक एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) बसवून डोमेन, म्हणजे अशा खात्यांचा आणि संगणकांचा एक समूह, तयार करावे, काल्पनिक कर्मचाऱ्यांची खाती आणि गट तयार करावेत आणि दुसरा आभासी संगणक त्या डोमेनला जोडावा. इथे नवशिके बहुधा एकाच ठिकाणी अडतात: जोडायच्या संगणकाच्या डीएनएसमध्ये डोमेन कंट्रोलरचा (डोमेन सांभाळणाऱ्या त्या सर्व्हरचा) पत्ता दिलेला नसतो, त्यामुळे त्याला डोमेन सापडतच नाही. शिवाय विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही. प्रो किंवा एंटरप्राइझसारखी आवृत्ती लागते.

एवढे उभे राहिले की मुद्दाम बिघाड करावेत. चुकीचा पासवर्ड वारंवार देऊन खाते लॉक करावे, डीएनएसचा पत्ता बिघडवावा, प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी) सेवा बंद करावी, सामायिक फोल्डरची परवानगी काढून घ्यावी, आणि मग प्रत्येक बिघाडाचे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, लिहावे. ‘प्रिंटर दुरुस्त केला’ या नोंदीचा कोणालाही उपयोग नाही. ‘सकाळपासून एकाच वापरकर्त्याचे प्रिंट रांगेत अडकत होते, त्याच प्रिंटरवर इतरांचे प्रिंट येत होते, स्पूलर सेवा बंद आढळली, रांग रिकामी करून सेवा पुन्हा सुरू केली, चाचणीचे पान छापले गेले’ अशी नोंद वाचल्यावर पुढचा माणूस तेच काम काही मिनिटांत करू शकतो. अशा पंधरा-वीस नोंदींची वही माझ्या मते कोणत्याही प्रमाणपत्राइतकीच मोलाची आहे, कारण मुलाखतीत बोलायला खरा ऐवज तिथूनच मिळतो.

प्रमाणपत्र हवे असेल तर कॉम्पटिया या संस्थेचे ए प्लस हे सर्वाधिक परिचित आहे. त्यासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्येकीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात, ९०० च्या मापनात पहिलीला ६७५ आणि दुसरीला ७०० गुण लागतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षे वैध राहते. २०२५ मध्ये २२०-१२०१ आणि २२०-१२०२ ही नवी मालिका सुरू झाल्यामुळे जुने पुस्तक विकत घेण्याआधी त्यावरचा क्रमांक पाहावा. एक प्रमाणपत्र पुरे; नोकरी न शोधता प्रमाणपत्रेच गोळा करत राहणे हा वेळेचा अपव्यय आहे.

ओळख पटवणे

पासवर्ड बदलून देणे हे सर्वांत सोपे दिसणारे काम सर्वांत जोखमीचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम रिझॉर्ट्स या अमेरिकी कंपनीवर झालेल्या सायबर हल्ल्याची सुरुवात हेल्पडेस्कला केलेल्या फोनने झाली, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते; या हल्ल्याचा फटका सुमारे १० कोटी डॉलरचा असल्याचा अंदाज कंपनीनेच दिला. म्हणून फोनवरची व्यक्ती कितीही घाईत असो किंवा कितीही मोठ्या पदाचा उल्लेख करो, ठरलेल्या पद्धतीने ओळख पटल्याशिवाय पासवर्ड किंवा मल्टी-फॅक्टर पडताळणी (पासवर्डशिवाय लागणारी दुसरी खूण, जसे फोनवरचा कोड) बदलून देऊ नये. हा संयम तुमच्यात आहे हे मुलाखतीत दिसले पाहिजे.

अर्ज आणि मुलाखत

‘सर्व्हिस डेस्क ॲनालिस्ट’, ‘आयटी सपोर्ट’ आणि ‘डेस्कटॉप सपोर्ट’ या पदनामांनी शोध घ्यावा. मात्र त्याआधी आपण आज जिथे काम करतो तिथल्याच आयटी विभागात जागा आहे का, हे विचारावे. तिथली माणसे आणि कामाची पद्धत तुम्हाला ठाऊक असते, आणि बाहेरच्या उमेदवाराला न मिळणारा विश्वास तुम्ही आधीच कमावलेला असतो.

बायोडेटात जुना अनुभव लपवू नये. तो या कामाच्या भाषेत मांडावा. बँकेच्या काउंटरवर ओळख तपासून व्यवहार करणारा, वर्गात एकच गोष्ट तीन पद्धतींनी समजावणारा, स्वागतकक्षात चिडलेल्या माणसाचे शांतपणे ऐकून घेणारा उमेदवार हेल्पडेस्कचे अर्धे काम आधीच करत आलेला असतो. मुलाखतीत एखादा बिघाड सांगून ‘काय कराल?’ असे विचारतात. थेट उत्तराकडे उडी न मारता कोणते प्रश्न विचाराल, काय तपासाल आणि कोणत्या टप्प्यावर तिकीट पुढे पाठवाल हे मोठ्याने सांगावे. एखादी गोष्ट माहीत नसेल तर तसे स्पष्ट सांगून ती कशी शोधाल ते सांगावे. नोकरी देण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावे.

होकार देण्याआधी पाळ्या कशा असतात, रात्रपाळी किती वेळा येते आणि कॉलच्या संख्येवर मूल्यमापन होते का, हे विचारावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे एल-वनच्या माणसाला स्वतः काय सोडवू दिले जाते आणि एल-टूने केलेली दुरुस्ती त्याला तिकिटात वाचायला मिळते का. जिथे केवळ ठरलेला मजकूर वाचून तक्रार पुढे ढकलायची असते तिथे शिकणे लवकर थांबते. दुसरा पर्याय असेल तर पगार थोडा कमी असला तरी दुरुस्ती करू देणारी जागा निवडावी.