एअर रायफलसाठी छर्रे कसे निवडावेत?

नाशिकमध्ये पोराला नेमबाजी शिकवायची ठरली की घरातली माणसं रायफलीची चौकशी महिना महिना करतात. कोणत्या कंपनीची घ्यायची, वजन किती, कोणाची जुनी मिळेल का, रायफलीचा हवेचा सिलिंडर कुठे भरून मिळेल. छर्रे मात्र दुकानदार देईल ते. रायफल एकदा घेतली की झालं, छर्रे रोज लागतात, आणि कागदावर भोक पाडतो तो छर्राच. त्यांची निवड नीट केली तर साध्या रायफलीतूनही नेटका ग्रुप, म्हणजे एकमेकांजवळ पडलेल्या भोकांचा पुंजका, निघतो. त्या निवडीची पद्धत इथे सांगतो.

आधी एक खुलासा, कारण हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून तरुण मुलं विचारतात, की तिकडे लोक रायफलीची काडतुसं घरीच भरतात, बंदुकीची कोणती दारू किती वेगानं जळते ते पाहून आपल्या रायफलीला जुळणारी निवडतात, मग आपण का नाही? आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. घरच्या टेबलावर काडतूस भरायचा विषय तिथेच संपतो. खेळासाठी त्याची गरजही नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यात पॉइंट टू-टूचं (.२२ इंची) काडतूस लागतं. त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि ते एकदा उडालं की परत भरण्यासारखं राहत नाही. त्या पातळीवरचे नेमबाजही कारखान्यातून आलेले वेगवेगळे लॉट, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाच्या खेपा, आपल्या नळीतून झाडून, म्हणजे उडवून, बघतात आणि जमेल तो लॉट साठवून ठेवतात. एअर रायफलवाल्यालाही नेमकं हेच करायचं आहे, आणि ते पूर्णपणे आपल्या हातात आहे.

डब्यावर काय वाचायचं

दहा मीटरच्या स्पर्धेत छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे पॉइंट १७७ इंचाचा. त्याचं डोकं सपाट हवं. सपाट डोक्याचा छर्रा कागदाला पंच केल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पाडतो, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. टोकदार किंवा गोल डोक्याचे छर्रे कागद फाडतात. दुकानदार ‘जास्त पॉवरफुल’ म्हणून टोकदार डबा पुढे करील, तो बाजूला ठेवा. पोलादी गोळ्या तर अजिबात नकोत, त्या नळीतल्या आट्या, म्हणजे आतल्या वळणदार खाचा, खराब करतात.

मग वजन. रायफलीसाठीचे मॅच छर्रे, म्हणजे स्पर्धेचे छर्रे, साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात, डब्यावर हेच ८.२ ग्रेन असं लिहिलेलं दिसेल. पिस्तुलासाठीचे त्याहून हलके, ०.४५ ते ०.५० ग्रॅमच्या दरम्यान. पिस्तुलाचा डबा रायफलीत चालतच नाही असं नाही, काही नळ्यांना तो चक्क मानवतो. पण सुरुवात ०.५३ पासून करावी.

तिसरा आकडा लोक वाचतच नाहीत. तो डोक्याचा व्यास: ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक, पण नळीला तो कळतो. छर्ऱ्याचं डोकं आट्यांवर टेकून सरळ चालतं आणि मागचा पातळ घेर, ज्याला आपण स्कर्ट म्हणतो, तो हवेच्या दाबानं फुगून नळी बंद करतो. डोकं नळीला सैल पडलं तर छर्रा आत किंचित डुलतो. घट्ट झालं तर आट्यांत शिरतानाच त्याचा आकार बिघडतो. कोणता आकडा आपल्या नळीचा, हे रायफलीची कंपनी किंवा तिची किंमत पाहून ओळखता येत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळा व्यास मागतात.

चौथी गोष्ट लॉट नंबर. डब्याच्या मागच्या बाजूला तो छापलेला किंवा चिकटवलेला असतो. तेच नाव, तेच वजन, तोच व्यास असूनही दुसऱ्या लॉटचा छर्रा वेगळा पडू शकतो, कारण साचे झिजतात आणि बदलले जातात. मोबाइलमध्ये त्या नंबराचा फोटो काढून ठेवा, पुढे फार उपयोगी पडेल.

कोणी किती खोलात जावं

रेंजवर एक वडील मुलाला घेऊन आले होते. म्हणाले, “सर, जर्मनीचा भारी डबा आणला तर याचे मार्क वाढतील ना?” मी म्हटलं, “दादा, आधी याला स्टँडवर स्थिर उभं राहू द्या.” हे त्यांना टाळायला सांगितलं नव्हतं, त्यामागे साधा हिशेब आहे.

दहा मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ बाहेरच्या बाजूला २.५ मिलिमीटरनं वाढतं. छर्ऱ्याची कड ज्या वर्तुळाला शिवते तो गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. त्या अडीच मिलिमीटरमध्येच १०.० ते १०.९ अशा दशांशाच्या दहा पायऱ्या बसवलेल्या आहेत, प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची. नेम अगदी अचूक असूनही छर्रा स्वतःच्या दोषानं दीड मिलिमीटर सरकला, तर १०.९ चा फटका १०.४ वर येतो. साठ फटक्यांच्या स्पर्धेत कमाल गुण ६५४ आणि पात्रतेची रेषा अनेकदा दशांशावर ठरते, तिथे हा फरक मोठा आहे.

पण ज्या मुलाचे फटके अजून सात, आठ, नऊमध्ये फिरत आहेत, त्याची स्वतःची हालचालच पाच-सात मिलिमीटरची आहे. त्याच्यासाठी छर्ऱ्याचा एक मिलिमीटर त्यात विरघळून जातो. अशा मुलाला सपाट डोक्याचा, बऱ्या प्रतीचा, एकाच नावाचा सराव छर्रा द्या आणि तोच कायम ठेवा. माझ्या मते दर महिन्याला डबा बदलणं हे स्वस्त छर्ऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतं, कारण फटका कुठे गेला आणि का गेला, हे त्या मुलाला कधीच कळत नाही. दहा फटके सातत्यानं नऊ-दहात बसू लागले की लॉट तपासण्याची वेळ आली असं समजा.

डबा उघडल्यावर

टेबलावर पांढरा कागद किंवा काच ठेवा आणि मूठभर छर्रे ओता. शिसं फार मऊ असतं, डबा नुसता हातातून पडला तरी स्कर्ट चेपतात. छर्रा उभा धरून मागच्या बाजूनं बघा. घेर गोल असला पाहिजे. लंबगोल दिसला, कडेला खाच दिसली, शिशाचा बारीक कण चिकटलेला दिसला, की तो बाजूला काढा. काच थोडी तिरकी करून छर्रे एकेक घरंगळत सोडले तर अजून चटकन कळतं. डोकं आणि स्कर्ट यांचा घेर सारखा नसल्यामुळे चांगला छर्रा सरळ न जाता एका ठरावीक वळणानं जातो. चेपलेला लंगडत जातो. मुलांना हे काम आवडतं, आणि ते करता करता बारीक बघायची त्यांची नजर तयार होते.

वजन करायचं असेल तर नाशिककरांची सोय आहे. सराफ बाजारात ओळखीचं दुकान असेल तर त्यांच्या काट्यावर वीस-पंचवीस छर्रे एकेक करून बघा. काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, नाहीतर सगळेच सारखे दिसतील. चांगल्या मॅच डब्यात आकडे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, सराव छर्ऱ्यांत जास्त पांगतात. हे केलंच पाहिजे असं नाही. नळीतून झाडून बघितल्याशिवाय शेवटचं उत्तर मिळत नाही. डोक्याचा व्यास मात्र घरी मायक्रोमीटरनं मोजायला जाऊ नका, जबड्यात धरताच मऊ शिसं दबतं आणि चुकीचा आकडा येतो.

खरी परीक्षा: नळीतून झाडून बघणं

इथे घाई करू नका. चार-पाच वेगवेगळे लॉट जमवा. एकट्यानं सगळे डबे विकत घ्यायची गरज नाही, रेंजवरच्या मित्रांकडून प्रत्येकी चाळीस-पन्नास छर्रे मागून घ्या आणि तुमचे त्यांना द्या. प्रत्येक लॉटची वेगळी कागदी पुडी बांधून त्यावर नाव, व्यास आणि लॉट लिहा.

हवेच्या सिलिंडरची मॅच रायफल असेल तर ती पक्क्या शिकंज्यात धरून झाडणं सगळ्यांत चांगलं, म्हणजे माणसाची चूक हिशेबातून जाते. तयार शिकंजा मिळाला नाही तर सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये बनवून घेता येतो, नाशिकमध्ये असं काम करणारं ओळखीतलं कोणी ना कोणी निघतंच. दोन गोष्टी सांभाळा: जबड्यांना रबर किंवा चामडं लावा, आणि नळीवर किंवा सिलिंडरवर दाब येऊ देऊ नका. पकड मधल्या भागावर असावी.

स्प्रिंगची रायफल शिकंज्यात आवळू नका. तिचा धक्का वेगळा असतो. घट्ट धरली की ग्रुप बिघडतो आणि स्क्रूही ढिले होतात. ती वाळूच्या पिशवीवर हलक्या हातानं टेकवून झाडा.

एका लॉटवरून दुसऱ्यावर जाताना पहिले दहा-बारा छर्रे मोजू नका. आधीच्या छर्ऱ्याचं शिसं आणि तेलाचा थर नळीत असतो, नवा छर्रा तिथे बसायला थोडे फटके घेतो. त्यानंतर दहा-दहा फटक्यांचे किमान तीन ग्रुप काढा, प्रत्येक ग्रुपला नवा कागद. पाच फटक्यांच्या ग्रुपवर विसंबू नका. कमी फटक्यांत नशिबानंही सुंदर ग्रुप पडतो आणि माणूस भलत्याच डब्याच्या प्रेमात पडतो. सगळे लॉट एकाच बैठकीत, सिलिंडरचा दाब चांगला असताना झाडा. निफाडकडची थंडी शहरात उतरते त्या जानेवारीच्या सकाळी निम्मे आणि एप्रिलच्या दुपारी निम्मे, असं केलं तर तुलना फसते, स्प्रिंगच्या रायफलीत तर जास्तच.

आता मोजणी. ग्रुपच्या सगळ्यांत बाहेरच्या दोन कडांमधलं अंतर व्हर्नियरनं घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा. उरेल तो मध्य ते मध्य पसारा. शिकंज्यातून बाहेरचा घेर साडेपाच-सहा मिलिमीटरच्या आसपास येत असेल, म्हणजे पसारा एक ते दीड मिलिमीटर, तर तो लॉट ठेवण्यासारखा आहे. तिन्ही ग्रुप सारखे आलेत का हेही बघा. दोन ग्रुप सुरेख आणि तिसऱ्यात एक फटका बाजूला, अशा लॉटपेक्षा तिन्ही ग्रुप जरा मोठे पण एकसारखे असलेला लॉट मी पसंत करतो. स्पर्धेत बाजूला गेलेला तो एक फटका छर्ऱ्याचा होता की आपला, या शंकेनं पुढचे पाच बिघडतात. नाशिकला भीष्मराज बाम यांच्यासारखे क्रीडा मानसशास्त्रज्ञ लाभले, इथल्या नेमबाजांना मनाची बाजू वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण शंका काढायची असेल तर तिची ही यांत्रिक बाजू आधी मिटवा.

शेवटी निवडलेले दोन लॉट स्वतः उभं राहून झाडा. बहुतेक वेळा शिकंज्याचा निकालच खरा ठरतो.

साठवण आणि काळजी

पावसाळ्यात नाशिकची हवा दमट होते आणि शिशावर पांढरट भुकटीचा थर येतो. असे छर्रे वापरू नका. डबा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून, घरातल्या कोरड्या कपाटात ठेवा. छर्रे पाण्यानं धुवायचे नाहीत, तेल ओतायचं नाही. स्प्रिंगच्या रायफलीत जादा तेल आत गेलं तर ते दाबानं पेटतं आणि फटका वेडावाकडा जातो. प्रवासात डबा पिशवीच्या मध्यभागी ठेवा आणि आतला स्पंज काढून टाकू नका.

शिसं विषारी आहे. झाडून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नका. छर्रे दातांत धरायची सवय असलेली मुलं असतात, ती पहिल्याच दिवशी मोडा. घरात लहान बाळ असेल तर डबा वरच्या फळीवर आणि सरावाचे कपडे वेगळे धुवायला. एकदा उडालेला छर्रा कितीही साबूत दिसला तरी परत वापरायचा नाही. पॉइंट १७७ च्या, २० जूल ऊर्जेच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण तिचा छर्रा डोळा फोडू शकतो. म्हणून वरची सगळी तपासणी गच्चीवर न करता रेंजवर करा, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि टार्गेटमागे पक्की पेटी असू द्या.

लॉट जमला की ऐपतीप्रमाणे त्याच नंबराचे डबे एकदम घ्या, चार मित्रांनी मिळून घेतले तर दुकानदारही नंबर बघून देतो. सरावाला साधे छर्रे वापरा, पण स्पर्धेच्या आधीचे शेवटचे दोन आठवडे तोच लॉट झाडा, कारण छर्रा बदलला की फटका पडण्याची जागा बदलते आणि नेम धरायची साइट परत लावावी लागते. शेवटचे दोन डबे उरले की थांबू नका. तेव्हाच पुढच्या लॉटच्या पुड्या जमवायला लागा, म्हणजे जुन्या लॉटशी समोरासमोर तुलना करायला हाताशी छर्रे शिल्लक असतील.