टॅबची मांडणी : जिनिंगच्या ऑफिसात शिकलेलं स्विंग

जावा स्विंग (जावात खिडक्या, बटणं, टॅब बनवायचा संच) नव्यानं शिकणारी पोरं टॅबचे रंग बदलायला आधी घेतात. माझं सांगणं असं, की आधी टॅबची जागा पक्की करा. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगसाठी प्रोग्राम लिहिताना मला हे पटलं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की दिवाणजी टॅबवरची नावं वाचत बसत नाहीत, त्यांचा हात सवयीनं 'पावती'वर जातो.

आवक, काटा, दर, पावती, चुकारा, रुई, सरकी, गठाण, खर्च, हिशेब. मोठ्या अक्षरात एवढे टॅब जुन्या स्क्रीनवर एका ओळीत मावत नाहीत. मग जेटॅब्डपेन (स्विंगमधला टॅब दाखवणारा घटक) आपोआप दुसरी ओळ पाडतो. विंडोजच्या रूपात (लुक-अँड-फीलमध्ये) तर मागच्या ओळीतला टॅब दाबला की ती अख्खी ओळ पुढे सरकते. दिवाणजी म्हणाले, "भाऊ, आताच तर इथं होती पावती!" स्क्रोलची पॉलिसी लावली तर ओळ एकच राहते, पण शेवटचे टॅब बाणामागे दडतात. रोज लागणारं काम दडवायचं नसतं.

म्हणून मी टॅब डाव्या बाजूला उभे लावले. स्विंगमध्ये डावीकडच्या टॅबची अक्षरं आडवीच राहतात. (क्यूटी या दुसऱ्या अशाच संचात ती फिरून उभी होतात, तिथं टॅबबार स्वतः रंगवावा लागतो.) सगळ्या टॅबची रुंदी सर्वांत लांब नावाएवढी होते आणि नावं मधोमध येतात. ती डावीकडून हवी असतील तर सेट-टॅब-कंपोनंट-ॲट वापरून प्रत्येक टॅबवर ठरावीक रुंदीचं जेलेबल (नाव दाखवणारी पट्टी) बसवा. ही सोय जावा ६ पासून आहे.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. त्या लेबलला टूलटिप (माऊस वर नेला की दिसणारी सूचना) दिली की माऊसचे क्लिक लेबलच घेतं आणि टॅब उघडतच नाही. टूलटिप टॅब्डपेनलाच द्या, सेट-टूलटिप-टेक्स्ट-ॲटनं.

मराठी नावांना उंचीही जास्त लागते. वेलांटी, रफार वर आणि उकार खाली. मेटल या जावाच्या मूळच्या रूपात टॅबची वरची मोकळी जागा शून्य आणि खालची एक पिक्सेल असते. मंगल किंवा निर्मला यूआय असा देवनागरी फॉन्ट स्वतः ठरवून द्या आणि यूआयमॅनेजरमध्ये (रूपाची मापं, रंग ठेवणारा क्लास) टॅब्डपेन-टॅबइन्सेट्स, म्हणजे हीच मोकळी जागा, वाढवा. हे टॅब्डपेन तयार करण्याआधी करायचं, नंतर केलं तर दिसत नाही. निंबस या आणखी एका रूपाची घडण वेगळी आहे, तिथं यावर विसंबू नका. शॉर्टकटला आकडे द्या. ऑल्ट आणि ४ दाबलं की पावती. कीबोर्ड मराठी असो की इंग्रजी, आकड्याची जागा तीच.

याहून पुढं जायचं असेल तर टॅबची मांडणी करणारा बेसिक-टॅब्डपेन-यूआय हा क्लास वाचा. खेड्यात नेट गेलं की शिकणं थांबतं असं वाटतं, पण जेडीकेसोबत (जावात प्रोग्राम लिहायच्या संचासोबत) मूळ कोडची झिप फाइल बहुधा आपल्याच मशीनवर आलेली असते. तिच्यात टॅबची रुंदी आणि उंची मोजणाऱ्या मेथड शोधा, त्या ओव्हरराइड करून एकेक आकडा बदला आणि टॅब कुठं सरकतो ते पाहा.