डीएनए ओरिगामी पेशींवर टाकताय? मग या चुका टाळा

डीएनए ओरिगामी म्हणजे डीएनएच्या धाग्याला घड्या घालून बनवलेलं बारकं स्ट्रक्चर. लॅबमध्ये नवीन पोरं आली की ते पेशींवर टाकताना तीच चूक त्याच उत्साहात करतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी माझी लाडकी चूक. स्ट्रक्चरला साय-फाईव्ह हा चमकणारा डाय लावायचा, पेशींवर टाकायचं आणि मायक्रोस्कोपखाली पेशी चमकल्या की "आत गेलं, आत गेलं" म्हणून नाचायचं. अरे, चमकतोय तो डाय! तो अजून स्ट्रक्चरलाच आहे हे कोणी सांगितलं? सीरममधले न्यूक्लिएज डीएनएचे तुकडे पाडतात, आणि डाय लागलेला बारका तुकडा पेशीच्या आत सहज पोचतो. मी स्वतः यात तीन आठवडे घालवलेत. अ‍ॅप्टामर (पेशीवरच्या ठराविक रिसेप्टरला चिकटणारा डीएनएचा तुकडा) लावलेलं स्ट्रक्चर, पेशी मस्त उजळलेल्या, मीटिंगसाठी स्लाइडसुद्धा तयार, आणि एका सिनियरने एवढंच विचारलं की नुसता डायवाला स्टेपल, म्हणजे स्ट्रक्चरला घड्या घालणारा सुटा बारका धागा, टाकून बघितलास का? नव्हता बघितला. टाकला तर पेशी तेवढ्याच उजळल्या, वर ज्यांच्यावर तो रिसेप्टरच नाही त्याही. स्लाइड डिलीट.

तेव्हापासून नुसता डाय-स्टेपल, बिनअ‍ॅप्टामरचं स्ट्रक्चर, सीक्वेन्स विस्कटलेला अ‍ॅप्टामर आणि रिसेप्टर नसलेल्या पेशी, हे चारही कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) असल्याशिवाय मी प्लेट लावतच नाही. एक सेट ४ अंशांवरही ठेवतो, त्या थंडीत पेशी आत ओढत नाहीत, म्हणजे नुसतं बाहेर चिकटलेलं किती ते कळतं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण "आधी बघू तरी, कंट्रोल नंतर" म्हणणाऱ्यांनी नंतर लावलेला कंट्रोल मी अजून पाहिलेला नाही.

दुसरं दुखणं मॅग्नेशियम. पॉल रोथमुंड या संशोधकाने २००६ मध्ये डीएनए ओरिगामी करून दाखवलं तेव्हापासून पद्धत साधारण तीच आहे, एम-१३ फाजचा (बॅक्टेरियात वाढणाऱ्या व्हायरसचा) सात हजारांवर बेसचा लांब धागा आणि त्याला घड्या घालणारे दोनशेच्या आसपास स्टेपल. सगळ्यांवर निगेटिव्ह चार्ज, त्यामुळे ते एकमेकांना ढकलणारच, त्यांना धरून ठेवतं मॅग्नेशियम. फोल्डिंग करताय १२.५ मिलिमोलरला आणि मग टाकताय कल्चर मीडियममध्ये जिथे ते १ मिलिमोलरसुद्धा नसतं! काही डिझाइन टिकतात, काही तासाभरात उसवतात, आणि तुमचं कुठलं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. वरून कोणीतरी टीई बफरने धुतो, म्हणजे त्यातलं ईडीटीए उरलंसुरलं मॅग्नेशियमही ओढून घेतं. मी पेशींना हात लावायच्या आधी त्याच मीडियममध्ये, त्याच सीरमसकट, ३७ अंशांवर १, ४ आणि २४ तास ठेवून जेल चालवतो, स्ट्रक्चर अख्खं राहिलंय का ते त्यात दिसतं. रनिंग बफरमध्येही मॅग्नेशियम घाला, नाहीतर जेलवर नुसता स्मिअर (पसरलेला पुसट डाग) येतो आणि बिचाऱ्या डिझाइनला शिव्या बसतात. टिकत नसेल तर ऑलिगोलायसिन-पेगचं संरक्षक कोटिंग करा, फक्त त्यानंतर बाइंडिंग पुन्हा तपासा, अ‍ॅप्टामर त्याखाली दबू शकतो.

बाकीचं पटापट. जास्तीचे स्टेपल काढून टाका, कारण सुटे अ‍ॅप्टामर आधी जाऊन रिसेप्टर अडवतात. ट्रिप्सिन या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने पेशी प्लेटवरून सोडवून लगेच बाइंडिंग बघू नका, रिसेप्टर कापला गेलेला असू शकतो. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध भरलं असेल तर सुटं औषध धुवा, ते कोणाच्या मदतीशिवायही पेशीत शिरतं. एम-१३ ई. कोलायमध्ये वाढतो, तेव्हा इम्यून पेशींवर काम असेल तर त्या बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन (इम्यून पेशींना चेतवणारं विष) काढा, नाहीतर रिस्पॉन्स त्याचाच मोजाल. आणि एंडोसोममध्ये अडकलेल्या स्ट्रक्चरला "डिलिव्हरी झाली" म्हणू नका, ते अजून पिशवीतच आहे.