मॉडलिन पुलाच्या पलीकडचं ऑक्सफर्ड

ऑक्सफर्डला जायचं ठरलं की फी, व्हिसा, खोली, थंडीचे कपडे यांची माहिती देणारे शंभर जण भेटतात. मला जे कुणीच सांगितलं नव्हतं ते वेगळं होतं. या शहरात माणसांचे थर आहेत, ते कातडीच्या रंगावरून ओळखू येत नाहीत, आणि ते ओळखायला शिकेपर्यंत आपण स्वतःला आणि इतरांना चुकीचं मोजत राहतो. पुढच्या सप्टेंबरात निघणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक खुलासा. ऑक्सफर्डमध्ये विद्यापीठं दोन आहेत. एक जगाला ठाऊक असलेलं, आठशेहून अधिक वर्षांचं. दुसरं ऑक्सफर्ड ब्रुक्स, जे पूर्वी पॉलिटेक्निक होतं आणि १९९२ मध्ये विद्यापीठ झालं. मी ब्रुक्समध्ये एम.एस्सी. केलं. माझे वडील एसटीत चालक, घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. गावात माझ्या अभिनंदनाचा जो फ्लेक्स लागला त्यावर नुसतं ‘ऑक्सफर्ड विद्यापीठ’ लिहिलं होतं, आणि ते मला वर्षभर टोचत राहिलं. तुम्ही ब्रुक्सला येणार असाल तर पहिल्या दिवसापासून स्वच्छ सांगा. शिकवतात उत्तम, लपवण्यासारखं काहीही नाही. ‘कुठलं विद्यापीठ?’ हा प्रश्न इथं बसथांब्यावरही विचारला जातो आणि उत्तर ऐकून समोरच्याचा सूर बदलतो, हे मात्र धरून चाला.

शहराचा नकाशा समजायला एक पूल पुरतो. हाय स्ट्रीटवरून पूर्वेकडे चालत गेलं की चारवेल नदीवरचा पूल लागतो. लिहितात मॅग्डलेन, म्हणतात मॉडलिन. हा उच्चार चुकला की माणूस बाहेरचा आहे हे लगेच कळतं. पुलाच्या अलीकडे जुन्या विद्यापीठाची कॉलेजं, हिरवळी, मोठाले दरवाजे. पलीकडे तीन रस्ते फुटतात, त्यातला मधला काउली रोड. कोथिंबिरीची जुडी, हलाल मटण, कॅरिबियन जेवण, पोलिश पाव, सगळं तिथं. जवळच मंझिल वे नावाच्या गल्लीत मशीद आहे. आणखी पुढे काउली. तिथं १९१३ पासून मोटारी बनतात. सुरुवात विल्यम मॉरिस यांनी केली, आज त्याच भागात मिनी गाड्या तयार होतात.

या कारखान्यानं शहर घडवलं. १९३० च्या आसपास दक्षिण वेल्समधल्या कोळसाखाणींत काम उरलं नाही तेव्हा तिथले कामगार कुटुंबांसह इथं आले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून, पाकिस्तानातून, आताच्या बांगलादेशातून माणसं आली. कामगारांच्या घरांसाठी ब्लॅकबर्ड लीज ही वसाहत १९५० च्या दशकात बांधायला घेतली. २०२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ६२ हजार होती आणि त्यातले एक तृतीयांशाहून अधिक लोक देशाबाहेर जन्मलेले. इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित २० टक्क्यांत मोडणारे काही भाग याच शहरात आहेत. कॉलेजांच्या मनोऱ्यांपासून ते बसनं फार लांब नाहीत.

मी राहायचे त्या घरात पाच जणी होतो. एक नायजेरियाची, एक इस्पितळात नर्स असलेली केरळची, एक चिनी, मी, आणि इंग्लंडच्या उत्तरेकडच्या संडरलँडची एक गोरी मुलगी. तिला पाहून मी मनात धरून चालले होते की ही इथलीच, हिला सगळं सोपं. एकदा संध्याकाळी साडेपाचला ‘टी करतेय, खाणार का’ म्हणाली आणि तिनं ओव्हनमधून बटाटे आणि सॉसेज काढले. उत्तरेकडच्या कामगार घरांत रात्रीच्या जेवणालाच टी म्हणतात. तिची आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची आणि घरात कॉलेजला गेलेली तीही पहिलीच. जेवता जेवता तिनं सांगितलं की पहिल्या आठवड्यात वर्गात ती एक शब्द बोलली, कुणीतरी हसून तो पुन्हा म्हणायला लावला, आणि तेव्हापासून ती हात वर करत नाही. मी काट्यानं बटाटा फोडत ऐकत होते. माझ्या मराठवाडी बोलीवर पुण्यात पहिल्या वर्षी नेमकं हेच घडलं होतं. त्या रात्रीपासून आम्ही दोघी एकमेकींचे निबंध वाचायला लागलो.

म्हणून पहिली गोष्ट ही की कान उघडे ठेवा. इथं माणसाचा वर्ग कपड्यांवरून कमी आणि उच्चारावरून जास्त कळतो, आणि शाळेच्या नावावरून तर लगेच. ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी शाळा असं समजू नका. ती सगळ्यांत महागडी खासगी शाळा असते. सरकारी ती ‘स्टेट स्कूल’. ब्रिटनमधली साधारण ७ टक्के मुलं खासगी शाळेत जातात, पण ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रवेश मिळवणाऱ्या ब्रिटिश मुलांत त्यांचं प्रमाण अलीकडच्या वर्षांत एक तृतीयांशाच्या आसपास राहिलं आहे. वर्गात जो सहज, न अडखळता बोलतो तो जास्त हुशार असेलच असं नाही. त्याला ती सवय शाळेत लावलेली असते. हे मला आधी कळलं असतं तर पहिली टर्म गप्प बसून गेली नसती.

कॉलेजं आतून कशी चालतात ते मी पाहिलं ते वाढपी म्हणून. विद्यार्थी व्हिसावर पदवी अभ्यासक्रमाला असाल तर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. मी एका कॉलेजच्या भोजनगृहात संध्याकाळी ताटं लावायला जायचे. काळे गाऊन घातलेली मुलं लांब बाकांवर, वरच्या चौथऱ्यावर प्राध्यापकांचं टेबल. ती मंडळी आत आली की सगळे उभे राहतात, लॅटिनमध्ये दोन ओळींची प्रार्थना होते आणि मग सूप. मागच्या बाजूला, वाफेनं धुरकटलेल्या भांडी घासायच्या खोलीत, दोन माणसं होती. एक पूर्व तिमोरचा, दुसरे गोव्यातल्या सासष्टीचे काका, जे स्विंडनहून यायचे. दोघांना जोडणारा धागा एकच, पोर्तुगीज पासपोर्ट. दोघांचेही मुलूख कधीकाळी पोर्तुगालच्या ताब्यात होते, आणि ब्रेक्झिटच्या आधी त्या पासपोर्टवर इथं येऊन काम करता यायचं. काका माझ्याशी कोंकणी बोलायचे, मी मराठीत उत्तर द्यायचे. ‘जेवलें गो?’ हा प्रश्न त्या इमारतीत मला फक्त त्यांनी विचारला. कॉलेजात खोल्या झाडणाऱ्या लोकांना स्काउट म्हणतात. तुम्ही कॉलेजात राहणार असाल तर आपल्या स्काउटचं नाव पहिल्या आठवड्यात विचारून घ्या आणि नावानंच हाक मारा.

आता आपल्या लोकांबद्दल, आणि हे लिहिताना मला त्रास होतोय. मराठी मंडळी भेटली की आनंद होतो, दिवाळीला फराळाला बोलावतात, आजारपणात धावून येतात. पण अशाच एका घरी चहाचा कप हातात देताना मला विचारलं गेलं, ‘आडनाव काय म्हणालीस?’ मी सांगितलं. मग गाव, मग ‘म्हणजे तुम्ही...’ आणि शेवटी, ‘मग स्कॉलरशिपवर असशील ना?’ मी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढून आले होते. स्कॉलरशिपवर आले असते तरी त्यात मान खाली घालण्यासारखं काय होतं? सात हजार किलोमीटरवर तोच प्रश्न त्याच क्रमानं आला. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात जातीचा उल्लेख स्वतंत्रपणे घालण्याची तरतूद होती. सरकारनं २०१८ मध्ये तसं न करण्याचं ठरवलं आणि विषय न्यायालयांच्या निकालांवर सोडला. असं काही तुमच्या वाट्याला आलं तर तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवा आणि विद्यार्थी संघाच्या सल्लागाराकडे जा. तिथं जात म्हणजे काय इथपासून सांगावं लागेल. सांगा. मी सांगितलं, आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं.

या शहरात आपल्याकडच्या लोकांच्या खुणा आहेत, त्या शोधून पाहा. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या, पण बाई म्हणून त्यांना विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. हितचिंतकांनी जमवलेल्या पैशांवर त्या १८८९ मध्ये सॉमरव्हिल या इथल्या बायकांच्या कॉलेजात आल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पण विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवी देत नव्हतं, ती हातात पडायला १९२२ उजाडलं. ओरिएल कॉलेजच्या दर्शनी भागावर दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश साम्राज्य पसरवणाऱ्या सेसिल ऱ्होड्सचा पुतळा आहे. तो हटवा म्हणून २०१५ पासून विद्यार्थी आंदोलन करत आले, तरी २०२१ मध्ये कॉलेजनं तो तिथंच ठेवला.

खोली शोधताना भाड्याबरोबर भाग कोणता ते बघा. उत्तरेला समरटाउन महाग, काउली आणि त्यापुढे त्या मानानं स्वस्त, बस रात्रीपर्यंत मिळते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, माफ असतो, विद्यापीठाकडून तसं पत्र घ्या. बसमधून उतरताना इथं बहुतेक सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. वडिलांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तूही म्हणत जा.’

आणि एक रविवार शहराच्या उत्तरेकडच्या कट्सलोला जा. १९३४ मध्ये तिथल्या खासगी घरांच्या बिल्डरनं शेजारच्या काउन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेनं भाड्यानं दिलेल्या, घरांतले लोक आपल्या रस्त्यावरून जाऊ नयेत म्हणून दोन मीटरहून उंच भिंती घातल्या, वर लोखंडी टोकं. काउन्सिलच्या बाजूच्या लोकांना मुख्य रस्त्यावर यायला मोठा वळसा पडायचा. १९३८ मध्ये नगरपालिकेनं भिंती पाडल्या, कोर्टात हरली, त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि थेट १९५९ मध्ये कायमच्या गेल्या. ही सगळी घरं गोऱ्या इंग्रजांची होती, दोन्ही बाजूंची. आज तिथं एका घरावर या भिंतींची आठवण सांगणारी निळी पाटी आहे. रस्ता सरळ आहे, मध्ये काही नाही, मुलं सायकली घेऊन इकडून तिकडे जातात. पण जिथं भिंत होती तिथं रस्त्याचं नाव अजून बदलतं. अलीकडे ऑल्ड्रिच रोड, पलीकडे वेंटवर्थ रोड.