तेविसावी फाईल: मॅन्युअलचा मजकूर एकदाच कसा लिहावा

आमच्या कारखान्यात एकच बेअरिंग ब्रॅकेट 23 मॉडेलांच्या पंपांना बसतं. त्यामुळे 'बेअरिंगमध्ये 30 ग्रॅम ग्रीस भरा' हे वाक्य 23 मॅन्युअलांत होतं. डिझाईनवाल्यांनी ते 20 ग्रॅमवर आणलं, तेव्हा एका शनिवारी बसून मी 22 फायली दुरुस्त केल्या. तेविसावी एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर होती आणि तिचं नाव होतं 'फायनल_नवीन_2'. सहा महिन्यांनी नागपूरहून सर्व्हिसवाल्याचा फोन आला, "बेअरिंग तापतंय, आणि ग्रीस तर पुस्तकात दिलंय तेवढंच भरलंय." जास्त ग्रीसनं बेअरिंग तापतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण छापील आकड्यापुढे माणूस स्वतःच्या अनुभवावर शंका घेतो.

मी भोसरीत पंपांची मॅन्युअलं लिहितो, त्याआधी सहा वर्षं टेस्ट बेडवर होतो. आमच्या तिघांच्या टीमनं हा पसारा कसा आवरला, म्हणजे सारखा मजकूर एकाच जागी लिहून सगळ्या पुस्तकांत तिथूनच कसा आणला, ते सांगतो. तुमच्याकडे पंपांऐवजी सॉफ्टवेअर असेल तरी फार फरक पडणार नाही.

सुरुवात कागदावर करा. तीन मॅन्युअलं निवडा, एकाच घराण्यातली दोन आणि एक लांबचं. प्रिंट काढा, मोठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि हायलायटर घ्या. शब्दशः तेच असेल ते हिरवं, अर्थ तोच पण शब्द वेगळे असतील ते पिवळं, खरंच वेगळं असेल ते तसंच सोडा. आम्हाला हिरवं भरपूर सापडेल असं वाटलं होतं. निघालं पिवळंच पिवळं. एकीकडे 'मेन स्विच बंद करा', दुसरीकडे 'विद्युतपुरवठा खंडित करावा', तिसरीकडे 'पॉवर ऑफ करून घ्यावी'. तिघांनी तीन वेळी लिहिलेलं एकच काम. भाषांतराचं बिलही इथेच फुगतं. एजन्सीच्या भाषांतर-स्मृतीत, म्हणजे आधीची भाषांतरं साठवणाऱ्या यादीत, तंतोतंत जुळणारं वाक्य स्वस्तात सुटतं. 'करा'चं 'करावे' झालं की ते थोडं वेगळं वाक्य म्हणून पुन्हा तपासायला येतं, आणि त्याचे पैसे लागतात.

पिवळ्याचा निकाल लावणं हे खरं काम. सर्व्हिसचा एक माणूस, डिझाईनचा एक आणि तुम्ही असे तिघं बसा. एका बैठकीत पंधरा-वीस उतारे, त्याहून जास्त नकोत, कारण नंतर सगळे सगळ्याला 'हो' म्हणू लागतात. उतारा एकत्र करायचा की नाही हे ठरवायला आम्ही एकच प्रश्न विचारतो: उद्या हे बदललं, तर दोन्हीकडे एकाच कारणानं बदलेल का? ग्रीसचं उत्तर हो, कारण ब्रॅकेट एकच आहे. पण दोन मॉडेलांच्या केसिंग बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, योगायोगानं 80 न्यूटन मीटर होता आणि आम्ही हौसेनं तो एका ठिकाणी नेऊन ठेवला. वर्षभरात एका मॉडेलच्या बोल्टची ग्रेड बदलली, आकडा बदलला आणि दुसऱ्या मॉडेलच्या पुस्तकातही गुपचूप बदलला. बाहेर जाण्याआधी लक्षात आलं हे नशीब. कॉपी-पेस्टची चूक एका पुस्तकात राहते, सामायिक मजकुराची चूक एका रात्रीत सगळीकडे पोचते.

आता तुकडा केवढा करायचा ते. इथे मराठी आणि हिंदीत लिहिणाऱ्यांनी कान टवकारावेत. इंग्रजीत वाक्य तयार ठेवून मध्ये फक्त उत्पादनाचं नाव बदललं तर बहुतेक वेळा निभावतं. मराठीत 'पंप'चं 'पंपाला' होतं. 'बंद केलेला पंप' असतो, 'बंद केलेली मोटर' असते आणि 'बंद केलेलं युनिट' असतं. वाक्यात मोकळी जागा ठेवून सॉफ्टवेअरला शब्द भरायला सांगितलं, तर 'पंपला', 'बंद केलेला मोटर' असलं काहीतरी छापून येतं आणि शेतकरी ते वाचून दाखवत हसतो. म्हणून अर्धं वाक्य कधीही सामायिक करू नका. सामायिक करायची ती पूर्ण सूचना: पूर्ण इशारा, पूर्ण पायरी किंवा पूर्ण कृती. नाव बदलतं ठेवायचंच असेल, तर त्याला विभक्ती लागणार नाही आणि क्रियापद त्याच्या लिंगावर जाणार नाही अशी रचना करा: 'मॉडेल: अमुक', किंवा सरळ 'हे यंत्र'.

फाईलचं नाव ती कुठे वापरली यावरून ठेवू नका, तिच्यात काय आहे यावरून ठेवा. 'प्रकरण 4 पान 2' हे नाव महिन्यात निरर्थक होतं, 'इशारा: पंप कोरडा चालवू नका' हे टिकतं. हा इशारा आमचा सर्वाधिक वापरला जाणारा तुकडा आहे, कारण प्रायमिंग न करता, म्हणजे आधी पाणी न भरता, पंप चालवला की गळती रोखणारं मेकॅनिकल सील जळतं. सामायिक तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकाला एक मालक द्या, विभाग नव्हे, माणूस. विद्युत सुरक्षेचे सगळे तुकडे आमच्या टीममधल्या एका मुलीकडे आहेत. तिला विचारल्याशिवाय मीही तिथला स्वल्पविराम हलवत नाही, आणि मी तिचा साहेब आहे.

बदल करण्याआधी तो तुकडा कुठे कुठे वापरलाय त्याची यादी काढायची. ती मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही.

अटी, म्हणजे 'हा परिच्छेद फक्त अमुक पुस्तकात', जपून वापरा. आमच्याकडे दोनच प्रकार आहेत: फ्रिक्वेन्सी आणि पंपाचा प्रकार. भारतात 50 हर्ट्झ, सौदीला जाणारा माल 60 हर्ट्झवर, त्यामुळे दोन पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग मिनिटाला 3000 वरून 3600 फेऱ्यांवर जातो आणि तक्ते बदलतात. तिसरा प्रकार, ग्राहकानुसार, सुरू करून पाहिला. दोन महिन्यांत कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना की कोणत्या पुस्तकात नक्की काय छापलं जाईल. बंद केला.

सॉफ्टवेअरचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. वर्डमध्येही 'इन्क्लुडटेक्स्ट' फील्डनं एका फाईलचा मजकूर दुसरीत आणता येतो. फोल्डर हलवलं की दुवा तुटतो एवढं लक्षात ठेवा. थोडं तांत्रिक अंग असलेली टीम असेल तर आस्कीडॉक (साध्या मजकुरात खुणा घालून लिहिण्याची पद्धत) आणि गिट (फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर) पुरतं, परवान्याचा खर्च नाही. मॉडेलं आणि भाषा दोन्ही वाढत असतील तर डिटा ही मजकूर तुकड्यांत लिहिण्याची एक्सएमएल पद्धत पाहा. ते आयबीएममध्ये जन्मलं आणि 2005 साली ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं. त्यात मजकूर आधीच संकल्पना, कृती आणि संदर्भ अशा विषयांत तोडलेला असतो आणि 'कॉनरेफ'नं एकाचा तुकडा दुसऱ्यात ओढता येतो. त्यातलं डिटा ओपन टूलकिट फुकट आहे. शिकण्याचा वेळ मात्र फुकट नाही. आम्ही आठ महिने आस्कीडॉकवर काढले, मग डिटाकडे गेलो. टेबलावरचं हायलायटरचं काम आधी झालेलं होतं म्हणून ते जमलं.

एक गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. सामायिक मजकूर पुढे सरकत राहतो, विकलेला पंप मात्र जिथल्या तिथे असतो. म्हणून पंप रवाना होताना त्याच्याबरोबर गेलेली पीडीएफ सीरियल नंबरखाली गोठवून ठेवा आणि त्या दिवशीच्या मजकुरावर गिटमध्ये टॅग, म्हणजे नावाची खूण, मारा. मागच्या महिन्यात 2016 च्या एका पंपासाठी फोन आला. नवीन पुस्तकात वेगळ्या सीलची कृती आहे, त्याच्याकडे जुनं सील. सीरियल नंबर टाकला, त्याच्याच पंपाचं पुस्तक मिळालं, व्हॉट्सॲपवर पाठवलं. तेविसावी फाईल मी अजून डिलीट केलेली नाही. नवीन मुलगा जॉईन झाला की पहिल्या दिवशी त्याला ती उघडून दाखवतो.