भातकापणी आणि ग्रासकटरचे दिवस: मोठी जखम झाली तर अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत काय करायचं

दसरा गेला की आपल्याकडे सगळी कामं एकदमच अंगावर येतात, हळवं भात कापायला झालेलं, आंबा काजूच्या बागेत कमरेएवढं गवत, ग्रासकटरवाल्याचा नंबर काही लागत नाही, आणि विळे कोयते नुकतेच धार लावून आणलेले. फवारणीचे, हवामानाचे मेसेज रोज फिरतात, हे मात्र कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय.

विळ्याने बोट कापलं तर धुवून पट्टी बांधली की झालं, त्याबद्दल नाही बोलत. रक्ताच्या चिळकांड्या उडतायत, कपडा भिजून खाली ठिबकतंय, जमिनीवर थारोळं झालंय तर ती मोठी जखम समजा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं, मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांतच जिवावर बेततं. 108 मोफत आहे, लगेच लावायची, पण गाडी घाटी चढून, पाणंदीतून आपल्या वाडीत येईपर्यंत जे काय करायचं ते शेजारच्या मळ्यातल्या माणसानेच करायचं आहे.

आणि करायचं म्हणजे दाबायचं. टॉवेल, पंचा, अंगातला शर्ट, जो बरा कपडा हाताशी असेल त्याची घडी करून बरोबर जिथून रक्त येतंय तिथेच ठेवायची आणि दोन्ही तळहातांनी, कोपरं ताठ ठेवून, अंगाचा भार देऊन दाबायचं. नुसता हात ठेवून काही होत नाही. माणूस ओरडेल, ओरडू दे. निदान 10 मिनिटं, मोबाईलवर वेळ बघून, आणि मध्ये कपडा उचलून बघायचं नाही. इथेच सगळे चुकतात, येणारा प्रत्येक जण म्हणतो बघू बघू किती लागलंय, कपडा उचलला की धरत आलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. कपडा भिजला तर वरूनच दुसरा ठेवा. तरी भळाभळा येतंच असेल तर बहुतेक वेळा हात चुकीच्या जागी असतो, जागा नीट बघून पुन्हा दाबा. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर स्वच्छ कपडा बोटांनी आत कोंबून भरायचा आणि मग वरून दाबायचं.

हळद, चहापावडर, तंबाखू, चुना, दगडीपाल्याचा रस यातलं काही मोठ्या जखमेत घालू नका. चिळकांडीपुढे हळद टिकत नाही, वाहूनच जाते, आणि पुढे डॉक्टरला ते सगळं साफ करत बसावं लागतं.

हातापायाची जखम दाबूनही थांबत नसेल तरच आवळपट्टी. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, दोन-तीन इंच, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही, निदान दीड-दोन इंच रुंद कापडाची पट्टी बांधायची, गाठीत काठी नाहीतर पाना घालून रक्त थांबेपर्यंत पिळायचा आणि काठी सुटू नये म्हणून बांधून टाकायची. सुतळी, सुंभ, वायर नको, मांसात रुतते. बांधल्याची वेळ पेनाने हातावर लिहा. एकदा बांधली की सैल करायची नाही, ते डॉक्टर बघतील, दोन तासांच्या आत पोचलं पाहिजे एवढंच. मानेला कधीही नाही, तिथे फक्त दाबायचं.

आणि हे साप चावल्यावर करू नका! कापणीत भाऱ्याखाली फुरसं निघतं, तिथे आवळून बांधणं, चिरा देणं दोन्ही घातक. फुरशाच्या विषाने रक्त गोठणंच बिघडतं, त्यात चिरा दिला तर रक्त थांबतच नाही.

काही घुसलं असेल, काठी, पात्याचा तुकडा, तर उपटू नका, बाजूने कपडा लावून तसंच न्या. माणसाला आडवा झोपवा, ऊन असलं तरी अंगावर काहीतरी पांघरा. घाम फुटला, अंग गार पडलं, पाणी पाणी करायला लागला तर रक्त बरंच गेलंय, पण पाणी देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. बोट तुटलं तर ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फात ठेवायची, बोट थेट बर्फात नाही.

रेंज नसेल तर एकाने सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर पळायचं, बाकीच्यांनी दाबून धरायचं. 108 ला वाडीचं नाव सांगून भागत नाही, कुठला साकव, कुठली शाळा ते सांगा, एक पोरगा मेनरोडला उभा करा.

नंतर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच. जखम भरेपर्यंत चिखलात उतरू नका, आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) जखमेतूनच शिरतो, ताप आला तर जखमेचं डॉक्टरला सांगा.

ग्रासकटरला गार्ड आणि पायात गमबूट हवाच, मशीन चालू असताना 15 मीटरच्या आत कोणी नको, पोरं तर नकोच नको. आणि जेवणाच्या पिशवीत दोन धुतलेले पंचे ठेवा, घाम पुसायचे वेगळे.