पाचवीत इंग्रजी अडतंय? या चुका टाळा

मराठी प्राथमिक शाळेतून चौथी झालेलं गोव्यातलं मूल पाचवीला हायस्कुलात जातं आणि गणित, विज्ञान, इतिहास सगळंच इंग्रजीतून सुरू होतं. चौथीपर्यंत इंग्रजी हा नुसता एक विषय होता. पहिल्या परीक्षेचे मार्क बघून घरचे हबकतात आणि नको ते करून बसतात.

त्यात सगळ्यात वाईट म्हणजे मराठी बंद करणं. घरी कोकणी, शाळेत आता इंग्रजी, मग आणखी मराठी कशाला, असं म्हणत मराठी पुस्तकं माळ्यावर टाकली जातात. पण धडा कळलाय की नाही, हे याच भाषांतून कळतं. पेडण्याकडच्या पोराने मिठागर पाहिलेलं असतं. उन्हाने पाणी आटतं, मीठ खाली राहतं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग 'इव्हॅपोरेशन'चा, म्हणजे बाष्पीभवनाचा, धडा आधी त्याच्याकडून मराठीत किंवा कोकणीत वदवून घ्या. जमलं, तर विज्ञान त्याला येतंय, अडलंय ते चार-पाच इंग्रजी शब्दांपाशी. ते वहीत वेगळे काढून एकेकाचं वाक्य त्यालाच करू द्या. नाहीच जमलं, तर धडाच कळलेला नाही. तिथे इंग्रजीची शिकवणी लावून पैसे फुकट जातील.

गाइडमधली उत्तरं घोकून घेऊ नका. 'व्हाय' विचारलं तरी मूल 'व्हॉट'चं उत्तर लिहून मोकळं होतं. प्रश्नातल्या अशा शब्दाखाली आधी रेघ मारायची सवय लावा.

'यू व्हेअर आर गोइंग?', 'आय डिड नॉट वेंट' अशी वाक्यं येणारच. पहिल्यातलं 'यू व्हेअर' तर सरळ मराठीतलं 'तू कुठे' आहे. पण बोलता बोलता टोकलं की मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्याला पुन्हा बोलतं करणं महाकठीण. वाक्य पुरं होऊ द्या, मग बरोबर वाक्य सहज आपण म्हणा. जेवताना 'डिड यू...'ने सुरू होणारे प्रश्न एकमेकांना विचारा. 'डिड' आला की 'वेंट' नाही, 'गो', हे त्यातूनच अंगवळणी पडतं.

स्पेलिंगचं एवढं टेन्शन नको. देवनागरीत बहुतेक लिहिलं तसं वाचायचं असतं, म्हणून 'वेन्सडे'च्या स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा पहिला 'डी' मुलांना खटकतो. पण बसच्या पाटीवर रोमनमध्ये 'बिचोलिम' वाचून ती डिचोलीलाच उतरतात ना? शंभर शब्दांची यादी देण्यापेक्षा, वहीत चुकलेले तेवढेच शब्द आठवड्याने पुन्हा लिहायला सांगा.